परसातील सातेरी मधमाशीची वसाहत : नवशिक्या पालकाच्या पहिल्या वर्षाचे स्वरूप

प्रस्तावना

मधमाशीपालन हा शेतीला पूरक असा ग्रामोद्योग म्हणून महाराष्ट्रात परिचित आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, विशेषतः महाबळेश्वर परिसरात, या उद्योगाची परंपरा अनेक दशकांची आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे आहे, तर खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात कार्यरत आहे. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. अलीकडच्या काळात मात्र या विषयाकडे वळणारा एक नवा वर्ग दिसू लागला आहे. तो मधाळ कुटुंबातून आलेला नाही, त्याच्याकडे मोठे शेतही नाही. घरामागील परस, चार-दोन फळझाडे आणि निसर्गाविषयीची जिज्ञासा एवढ्या भांडवलावर तो एक मधपेटी आणतो.

अशा नवशिक्या पालकाच्या मनात पहिला प्रश्न असतो तो म्हणजे 'मध किती मिळेल ?' प्रस्तुत लेखकानेही परसात सातेरी मधमाशीची एक वसाहत ठेवली तेव्हा शेजारी, नातेवाईक आणि सहकारी या सर्वांनी हाच प्रश्न विचारला. परंतु वर्षभराच्या निरीक्षणानंतर असे वाटते की पहिल्या वर्षाचा खरा प्रश्न वेगळा आहे. तो म्हणजे, 'ही वसाहत पावसाळा पार करील काय ?' या प्रश्नाचे उत्तर मधमाशीच्या जीवनक्रमात, परिसरातील फुलोऱ्यात आणि पालकाच्या संयमात दडलेले आहे. त्याचा उलगडा करणे हा या लेखाचा हेतू होय.

उद्दिष्टे

१. परसातील एका पेटीसाठी सातेरी मधमाशी का योग्य ठरते, हे स्पष्ट करणे.
२. वसाहतीचा जीवनक्रम व पेटीची रचना यांचा परस्परसंबंध समजावून घेणे.
३. वसाहत पेटी सोडून जाण्याची कारणे व तिची पूर्वचिन्हे सांगणे.
४. मध काढण्याविषयीच्या निर्णयाचा शास्त्रीय व नैतिक विचार करणे.

मधमाशीची निवड

महाराष्ट्रात प्रामुख्याने पाच प्रकारच्या मधमाश्या आढळतात. आग्या माशी उंच कड्यांवर, मोठ्या वृक्षांवर किंवा इमारतींवर एकच प्रचंड पोळे बांधते. तिचा स्वभाव उग्र असल्याने व ती हंगामानुसार स्थलांतर करीत असल्याने ती पेटीत राहत नाही. फुलोरी माशी झुडपाच्या फांदीभोवती लहानसे एकच पोळे बांधते; तिलाही उजेड व मोकळी हवा हवी असते. पोयाची माशी डंखहीन व अत्यंत लहान असून तिचा मध थोडा असतो. उरतात त्या दोन, सातेरी आणि युरोपियन. या दोन्ही जाती अंधाऱ्या पोकळीत एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधतात आणि म्हणूनच त्या पेटीत राहू शकतात.

युरोपियन मधमाशी भारतात १९६० च्या दशकात उत्तरेकडे यशस्वीरीत्या रुजविण्यात आली. तिचे मधोत्पादन अधिक असले तरी तिला फुलोऱ्याचे मोठे क्षेत्र लागते आणि व्यावसायिक पालकांना तिच्या पेट्या पिकांमागून गावोगावी हलवाव्या लागतात. सातेरी ही मात्र येथलीच. वृक्षांच्या ढोलीत, दगडी बांधांच्या फटीत, वारुळात ती निसर्गतः राहते. विखुरलेल्या, थोड्या थोड्या फुलांवरही ती गुजराण करू शकते. व्हरोआ नावाच्या बाह्य परजीवी कोळ्याचे ती मूळ आश्रयस्थान असल्याने शरीर साफ करून त्याला आवर घालण्याची क्षमता तिच्यात विकसित झाली आहे. युरोपियन मधमाशीवर हाच कोळी आल्यावर जगभर केवढा अनर्थ झाला, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा एकाच जागी स्थिर राहणाऱ्या परसातील पेटीसाठी सातेरी हीच स्वाभाविक निवड ठरते.

या निवडीची एक मर्यादा आरंभीच लक्षात घ्यावयास हवी. प्रतिकूल परिस्थितीत घर सोडून जाणे हा सातेरीचा उपजत स्वभाव आहे. युरोपियन मधमाशी बहुधा पेटीतच उपाशी मरते, तर सातेरी निघून जाते. नवशिक्या पालकाच्या बहुतेक अनुभवांचे मूळ या एका स्वभावात आहे.

वसाहत कोठून आणावी हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. झाडाची ढोली फोडून रानातील वसाहत पेटीत भरण्याची प्रथा आजही आढळते. त्यात ढोली कायमची नष्ट होते, पिलांचा नाश होतो आणि त्या परिसराचे परागीभवन करणारी वसाहत कमी होते. प्रशिक्षित पालकाकडून, पेटीतच वाढलेल्या वसाहतीचे विभाजन करून तयार झालेली वसाहत घेणे हा अधिक योग्य मार्ग होय.

वसाहतीचा जीवनक्रम

वसाहत हे एक कुटुंब आहे असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तिला एकच सजीव मानणे अधिक समर्पक ठरेल. तीत एक राणी, काही हजार कामकरी माश्या आणि हंगामात काही शे नर असतात. राणी दोन-तीन वर्षे जगते आणि चांगल्या हंगामात दररोज शेकडो अंडी घालते. कामकरी माशी अंड्यापासून सुमारे वीस दिवसांत, राणी सुमारे सोळा दिवसांत तर नर सुमारे चोवीस दिवसांत पूर्ण वाढ होऊन बाहेर पडतात. कामकरी माशीचे आयुष्य हंगामात अवघे काही आठवड्यांचे असते. त्यातील पूर्वार्धात ती घर साफ करते, पिलांना भरविते, मेण स्रवून पोळे बांधते, मध आटविते; उत्तरार्धात ती मकरंद, पराग व पाणी आणते.

या आकड्यांतून एक व्यावहारिक सत्य निघते. आज राणीने अंडी घालणे थांबविले तर पुढील वीस दिवस नव्या माश्या बाहेर पडतच राहतात. प्रवेशद्वारावरील ये-जा तशीच दिसते आणि बाहेरून पाहणाऱ्यास सर्व आलबेल वाटते. वास्तविक वसाहतीचा ऱ्हास सुरू झालेला असतो. म्हणूनच केवळ प्रवेशद्वार पाहून वसाहतीची परीक्षा होत नाही. पोळ्याच्या घरट्यांत तांदळाच्या बारीक कणीसारखी उभी अंडी आहेत की नाहीत, हे पाहणे आवश्यक असते. अंडी दिसली म्हणजे राणी प्रत्यक्ष दिसली नाही तरी ती गेल्या तीन दिवसांपर्यंत तेथे होती, असे निश्चित म्हणता येते. राणीच शोधत बसण्याचा मोह टाळल्यास पेटी अर्ध्या वेळेत मिटते आणि माश्यांना त्रास कमी होतो.

पेटी व तिची जागा

आधुनिक मधपेटीचा पाया १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने घातला. मधमाश्या विशिष्ट रुंदीची फट, सुमारे सहा ते नऊ मिलीमीटर, ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवतात. त्याहून रुंद जागेत पोळे बांधतात आणि अरुंद जागा बुजवितात, या निरीक्षणाचा त्याने उपयोग केला. चौकटी व भिंती यांत नेमकी तेवढीच फट राखल्यास प्रत्येक चौकट सुटी उचलता येते. पोळे कापून पिळण्याऐवजी मध यंत्रात फिरवून काढणे आणि रिकामे पोळे परत देणे यामुळेच शक्य झाले. भारतात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूटन या पाद्र्यांनी दक्षिणेत सातेरीच्या लहान आकारास अनुरूप पेटी तयार केली. तळपाट, पिलांची कोठी, तिच्यावर मधकोठी, आतील झाकण आणि छप्पर अशी पेटीची साधी रचना असते. खालच्या कोठीत वसाहतीचा संसार आणि वरच्या कोठीत साठा, ही विभागणी पालकाने मनात पक्की ठेवावी. खालच्या कोठीतील मध हा पालकाचा नव्हे.

परसात पेटी ठेवताना पुढील बाबी पाहाव्यात. प्रवेशद्वार पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे असावे, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि आपल्याकडील नैर्ऋत्य मोसमी पावसाचा झोत आत शिरत नाही. दुपारी सावली असावी. पेटी तिवईवर ठेवून तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत; मुंगळ्यांचा उपद्रव त्यामुळे टळतो. प्रवेशद्वारासमोर काही अंतरावर दाट कुंपण किंवा मेंदीची उंच रांग असल्यास माश्या उंच उडून जातात आणि ये-जा करणाऱ्या माणसांच्या अंगावर येत नाहीत. उथळ भांड्यात खडे घालून पाणी ठेवल्यास त्या शेजाऱ्याच्या नळावर गर्दी करीत नाहीत. शेजाऱ्यांची संमती हीदेखील जागेइतकीच महत्त्वाची पूर्वअट आहे.

डंखाविषयीची भीती स्वाभाविक आहे. कामकरी माशीच्या डंखाला उलटे काटे असल्याने तो त्वचेत अडकतो आणि माशी मरते. त्यातून सुटणाऱ्या संकेतगंधास पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो व इतर माश्याही तेथे डंख मारावयास येतात. म्हणून डंख नखाने तत्काळ खरवडून काढावा आणि त्या जागी धूर द्यावा. थोडी सूज येणे नेहमीचे आहे. परंतु श्वास लागणे, सर्वांगावर गांधी उठणे, चक्कर येणे ही तीव्र प्रतिक्रियेची लक्षणे असून अशा वेळी विलंब न करता रुग्णालय गाठावे. घरातील कोणास अशी प्रतिक्रिया पूर्वी झाली असल्यास परसात पेटी ठेवू नये.

फुलोऱ्याचे पंचांग

सातेरी माशी सामान्यतः एक-दीड किलोमीटरच्या परिघात चारा शोधते. त्यामुळे आपल्या परसातील तुळशी व झेंडू यांवर वसाहत जगत नसते. ती साऱ्या वस्तीच्या झाडाझुडपांवर जगते. पालकाने पहिल्या वर्षी एक वही करून कोणते झाड केव्हा फुलले, माश्यांच्या पायांवरील परागगोळ्या कोणत्या रंगाच्या आहेत, याची नोंद ठेवावी. प्रस्तुत लेखकास या वहीनेच परिसराची खरी ओळख करून दिली. ज्या करंजाखालून वर्षानुवर्षे जाणे-येणे होते, त्याच्या फुलांचा काळ पेटी आल्यावर प्रथमच नेमका कळला.

पश्चिम महाराष्ट्रात पावसाळ्यानंतर सोनकी, तेरडा, कारळा अशा वनस्पतींपासून हंगामाला आरंभ होतो. हिवाळ्यात शेवगा, निलगिरी, कोथिंबिरीची व कांद्याची बियाण्यासाठी राखलेली पिके उपयोगी पडतात. उन्हाळ्यात करंज, जांभूळ, घाटमाथ्यावर हिरडा व गेळा हे वृक्ष फुलतात आणि हाच मुख्य मधहंगाम होय. कारवी तर साधारण आठ वर्षांतून एकदाच सर्वत्र फुलते. २०१६ व २०२४ ही तिची अलीकडील वर्षे. नारळ व मका यांपासून पराग मिळतो. पराग हेच पिलांचे प्रथिनयुक्त अन्न असल्याने मकरंदाइतकेच त्याचे महत्त्व आहे.

मुख्य फुलोऱ्याच्या तोंडावर वसाहत भरभराटीस येते आणि तेव्हा थवा निघण्याची शक्यता असते. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लोंबती राणीघरटी दिसू लागणे, हे त्याचे चिन्ह. जुनी राणी सुमारे निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते व मागे नवी राणी येते. हे वसाहतीचे पुनरुत्पादन आहे. पालकाने वेळीच जागा वाढवून अथवा दुसऱ्या पेटीत विभाजन करून त्याला अनुकूल वळण द्यावे.

गृहत्याग : कारणे व पूर्वचिन्हे

थवा निघणे हे समृद्धीचे लक्षण, तर गृहत्याग हे संकटाचे. दोहोंमध्ये नवशिक्याचा गोंधळ होतो. थव्यानंतर पेटीत निम्मी वसाहत उरते; गृहत्यागानंतर काहीच उरत नाही. उपासमार, मुंग्यांचा व गांधीलमाश्यांचा सततचा त्रास, मेणकिड्याचा प्रादुर्भाव, तीव्र उष्णता, पेटी वारंवार उघडणे ही त्याची मुख्य कारणे होत.

गृहत्याग अचानक होतो अशी समजूत आहे, ती बहुतांशी खरी नाही. उपासमारीमुळे होणाऱ्या गृहत्यागात वसाहत आधी राणीचे अंडी घालणे कमी करते, मग थांबविते. पराग येणे बंद होते. उरलेली पिले बाहेर पडू दिली जातात आणि साठ्यातील मध प्रवासासाठी पोटात भरून घेतला जातो. कामकरी माशीच्या वाढीचा काळ सुमारे वीस दिवसांचा असल्याने पालकास जवळजवळ तीन आठवड्यांची पूर्वसूचना मिळत असते. पंधरा दिवसांतून एकदा अंडी, पिले व साठा या तीनच गोष्टी पाहणाऱ्यास ती वाचता येते. ज्याने हंगाम संपल्यावर पेटीकडे पाठ फिरविली, त्यास मात्र एके दिवशी रिकामी पेटी दिसते.

मेणकिडा हा या रिकामेपणाचा भागीदार आहे. माश्यांनी झाकली न गेलेली पोळी तो पोखरतो. म्हणून वसाहत आक्रसली की रिकामी पोळी काढून घ्यावीत आणि माश्यांना पुरेल एवढीच जागा ठेवावी. रोगांपैकी थैलीसदृश पिलांचा विषाणुजन्य रोग सातेरीस सर्वाधिक घातक ठरला आहे. १९९० च्या दशकारंभी दक्षिण भारतात या रोगाने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. त्यावर औषध नाही. निरोगी वसाहतीशी चौकटींची अदलाबदल न करणे व सशक्त वसाहत राखणे हाच उपाय.

मध केव्हा काढावा, केव्हा काढू नये

फुलातील मकरंद पातळ असतो. त्यात चाळीस टक्के शर्करा धरली तरी एक किलो मधासाठी दोन किलो मकरंद आणून त्यातील एक किलो पाणी पंखांच्या वाऱ्याने उडवावे लागते. मकरंद याहून पातळ असेल तर श्रम आणखी वाढतात. पाण्याचे प्रमाण पुरेसे उतरल्यावरच माश्या घरट्यांवर मेणाची टोपी बसवितात. आपल्याकडील अन्नमानकानुसार मधातील पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. तेव्हा पोळ्याचा बहुतांश भाग टोप्यांनी झाकला गेल्याशिवाय काढलेला मध आंबण्याची शक्यता असते.

परंतु मध पिकला म्हणजे तो काढलाच पाहिजे असे नाही. मे महिन्याच्या अखेरीस नवशिक्या पालकापुढे जो निर्णय असतो, त्यावर पुढील चार महिने अवलंबून असतात. जून ते सप्टेंबर या काळात घाटप्रदेशात दिवसच्या दिवस पाऊस पडतो, माश्यांना उडता येत नाही, फुले धुऊन निघतात. पिलांच्या कोठीचे तापमान मात्र पस्तीस अंशांच्या आसपास राखावेच लागते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा साठ्यातील मधातूनच येते. उन्हाळ्यात शेवटचा थेंब काढून घेतला की ऑगस्टमध्ये वसाहत जाते. पालक मग म्हणतो, 'माश्या टिकत नाहीत.' वास्तविक माश्यांपाशी टिकण्याचे साधन उरलेले नसते.

प्रस्तुत लेखकाच्या पेटीतील मधकोठीत पहिल्या उन्हाळ्यात काही चौकटी भरल्या होत्या. घरच्यांची अपेक्षा स्वाभाविकच मधाची होती. तरीही त्या चौकटी तशाच ठेवण्याचे ठरले. श्रावणातील झडीत तो साठा झपाट्याने ओसरत गेला. पेटी हाताने किंचित उचलून पाहिली तरी वजनातील घट जाणवे. साठा संपत आल्यावर साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक सायंकाळी पेटीच्या आत ठेवण्यात आला. भाद्रपदाच्या अखेरीस पहिली उघाड मिळाली तेव्हा प्रवेशद्वारावर पिवळ्या परागगोळ्या घेऊन येणाऱ्या माश्या दिसल्या. त्या वर्षीचे उत्पन्न तेवढेच. परंतु वसाहत होती, आणि पुढील हंगाम तिच्यासह सुरू झाला.

पाकाविषयी एक नैतिक मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. साखरेचा पाक हा वसाहत जगविण्यासाठी असतो. मधकोठी चढविलेली असताना तो देऊ नये. कारण त्यापासून झालेला साठा मध म्हणून काढणे म्हणजे भेसळच होय.

शेजार आणि कीटकनाशके

एक-दीड किलोमीटरच्या परिघात पालकाचा अधिकार केवळ आपल्या कुंपणापुरता असतो. पेटीसमोर एकाएकी मेलेल्या वा थरथरणाऱ्या माश्यांचा खच पडला, त्यांची सोंड बाहेर आलेली असली, तर फवारणीची शंका घ्यावी. फुलोऱ्यातील पिकावर फवारणी टाळणे, अपरिहार्य असल्यास ती सूर्यास्तानंतर करणे आणि आदल्या दिवशी शेजाऱ्यास कळविणे, एवढ्या साध्या समजुतीने मोठी हानी टळू शकते. मधाची बाटली देऊन जे साधत नाही ते शेजाऱ्यास पेटी उघडून दाखविल्याने साधते, असा अनुभव आहे. आपल्या भोपळ्याला, लिंबाला व शेवग्याला येणाऱ्या माश्या कोठून येतात, हे एकदा पाहिले की फवारणीपूर्वी विचारणा होऊ लागते.

निष्कर्ष

१. परसातील एकाच स्थिर पेटीसाठी सातेरी ही स्थानिक मधमाशी अधिक योग्य ठरते. मात्र तिच्या गृहत्यागाच्या स्वभावाची जाण ठेवूनच पालन करावे लागते.
२. वसाहतीच्या आरोग्याची खूण प्रवेशद्वारावरील वर्दळीत नसून पोळ्यातील अंडी, पिले व साठा यांत असते.
३. उपासमारीमुळे होणाऱ्या गृहत्यागाची सूचना सुमारे तीन आठवडे आधी मिळते. नियमित निरीक्षणाने तो बहुधा टाळता येतो.
४. पहिल्या वर्षी मध न काढता तो पावसाळ्यासाठी राखणे, हीच पुढील वर्षांची गुंतवणूक होय.
५. रानातील वसाहती फोडून पेट्या भरण्याऐवजी पेटीत वाढलेल्या वसाहतींच्या विभाजनास प्रोत्साहन मिळणे आवश्यक आहे.

सारांश, परसातील मधमाशीपालन हा लहान प्रमाणावरील उद्योग असण्यापूर्वी परिसराच्या अभ्यासाचा एक मार्ग आहे. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व पर्यावरण या विभागांनी आवारात एखादी वसाहत ठेवून विद्यार्थ्यांकडून फुलोऱ्याचे स्थानिक पंचांग तयार करून घेतल्यास त्या त्या गावाची उपयुक्त नोंद सिद्ध होईल. पालकाने मधमाशीकडून किती घेतले, यापेक्षा तिच्यापाशी किती राहू दिले, यावरच या उपक्रमाचे यश मोजले जावे.